हक्काची बारा घरं

“बसा ना, खुर्ची घ्या,” असं मला जन्मात पहिल्यांदा म्हणाला तो माणूस आमच्या विरुद्धचा वकील होता.

चौकशी गावच्या शाळेत होती, चौथीच्या वर्गात. मुलांना सुट्टी दिलेली. वरच्या कोर्टानं नेमलेले एक निवृत्त जज्जसाहेब मास्तरांच्या टेबलामागं बसले होते. बाजूला टाइपाचं मशीन घेऊन कारकून. एका बाकावर गावची मोठी माणसं, दुसऱ्या बाकावर आमचे बनसोडे वकील आणि माझा दीर तुळशीराम. बनसोडे वकिलांनी मला अर्धा तास उभं ठेवून प्रश्न विचारले होते. त्यात त्यांचं काही चुकलं असं नाही. आपली बाई आहे, उभी राहील, असं त्यांना वाटलं असणार.

मग रत्नपारखी वकील उठले. त्यांनी स्वतःची खुर्ची पुढं सरकवली आणि म्हणाले, “ठकूबाई, दमला असाल. बसा.”

मी साहेबांकडं पाहिलं. त्यांनी मान हलवली. समोरच्या बाकावर रावसाहेब ढोबळे बसलेले, त्यांच्या देखत मी खुर्चीवर कशी बसणार? पण कोर्टाचं काम होतं. मी खुर्चीच्या कडेला टेकले आणि पदर सारखा केला.

चौकशी कशाची होती ते आधी सांगते.

आमच्या मांगवाड्यात सहा घरं. गावातल्या बाकी सगळ्या घरांची या सहा घरांत वाटणी झालेली होती. कुणी केली, कधी केली, कुणाला ठाऊक नाही. ज्याच्या वाटणीला जे घर, तिथल्या बाळंतपणाला त्याच्याकडच्या बाईनं जायचं. आम्ही सुईणी. माझ्या सासूकडं बारा घरं होती, ती माझ्याकडं आली. पोटात बाळ आडवं असलं तर तेलाचा हात फिरवून ते कसं सरळ करायचं, हे मला सासूनं शिकवलं. तीस वर्षांत माझ्या हातून एकही बाळंतीण दगावली नाही. बढाई म्हणून सांगत नाही, पुढं लागणार आहे म्हणून सांगते.

पण काम तेवढंच नव्हतं. नाळ आम्हीच कापायची, घरातलं कुणी तिला हात लावायचं नाही. बाळामागून पडणारी वार आम्हीच पुरायची. रक्तानं भरलेली धडुती आणि वाकळ ओढ्यावर नेऊन आम्हीच धुवायची. दहा दिवस बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायचं. अकराव्या दिवशी घर सारवून झालं की आम्हाला अंगणातच उभं करायचे. ज्या पोराला पहिला हात माझा लागला, त्याला तिथून पुढं माझी सावली चालायची नाही. पायलीभर जोंधळे आणि एक जुनं लुगडं वरून पदराच्या ओट्यात टाकायचे, हाताला हात लागू नये म्हणून.

आणि हाक आली की जायचं. घरात आपलं लेकरू तापानं फणफणत असलं तरी जायचं, सुगी तोंडावर असली तरी जायचं. मी एकदाही चुकले नाही. न गेलं तर काय होतं, ते आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. सांगायची पाळीच आली नव्हती.

माझी सून कुसुम लग्न होऊन आली तेव्हा सतरा वर्षांची होती, सातवी पास. रिवाजाप्रमाणं मी तिला हळदीच्या अंगानं घरोघर नेलं. अंगणात उभी करून म्हणाले, आता ही येत जाईल. बारातली सहा घरं तिच्या वाटणीला दिली. बायांनी वरून खण टाकले. ते तिनं झेलले आणि घरी आल्यावर कोपऱ्यात ठेवून दिले. त्यातला एकही तिनं कधी शिवला नाही.

तिच्या लग्नाला दोन वर्षं झाली असतील, गावात सरकारी नर्सबाई आली. मोठ्या घरांनी तिला बोलवायला सुरुवात केली. तिच्याकडं रबरी मोजे, चकचकीत कात्री. ती बाळंतपण करायची, हात धुवायची, चहा घेऊन निघून जायची. मग आम्हाला हाक यायची. वार पुरायला आणि धडुती धुवायला. माझ्या कामातलं जे काम होतं ते गेलं आणि उरलेली घाण तेवढी आमच्याकडं राहिली. हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही, पण मनात बोचत होतं.

त्या वर्षी माघात ढोबळ्यांच्या थोरल्या सुनेला मुलगा झाला. नर्सबाईनंच केलं सगळं. दिवस वर आल्यावर त्यांचा गडी आमच्या दाराशी आला. ढोबळ्यांचं घर कुसुमच्या वाटणीचं. ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, “पोर नर्सबाईनं काढलं ना? मग वार बी तिलाच पुरायला सांगा.”

गडी हसला. त्याला वाटलं, थट्टा चाललीय. पण ती भाकरी थापतच राहिली. मी उठले, टोपली उचलली, तर ती पिठाच्या हातानं उंबऱ्यात येऊन बसली.

“आत्या, आज तुम्ही गेलात तर उद्या मला जावं लागंल. आन् वीस वर्षांनी हिला.”

ही म्हणजे तिच्या पोटात होती ती. दोनच महिने झाले होते, पण मुलगीच होणार असं ती धरून चालली होती.

मी टोपली खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी गिरणीवाल्यानं आमचं दळण परत पाठवलं. पट्टा तुटलाय म्हणाला, आणि मागं गिरणी धडधडत होती. दुकानात मीठ संपलं होतं. आमच्या मागून आलेल्या बाईला मिळालं, आम्हाला संपलं होतं. खुरपणीला आम्हाला कुणी बोलवेना. माझा मुलगा महादू ऊसतोडीहून परत आला तर त्याला गावात काम मिळेना, तो दूरच्या वीटभट्टीवर गेला. आमच्या पाच भाऊबंदांनीही हळूहळू आमच्याकडं येणं सोडलं. त्यांना धमकी अशी कुणी दिली नव्हती. कुणी मारलं नाही, कुणी शिवी दिली नाही. सगळं कसं गोड बोलून.

तुळशीराम तालुक्याच्या गावी जिनिंगमध्ये कामाला होता. चार बुकं वाचलेला, सभांना जाणारा. त्यानं बनसोडे वकिलांना गाठलं. ते आमच्या घरी आले, घोंगडीवर मांडी घालून बसले आणि आम्हाला समजावून सांगितलं. घटनेत एक कलम आहे, कुणाकडूनही सक्तीनं काम करून घ्यायचं नाही. दिल्लीच्या मोठ्या कोर्टानं त्या सक्तीचा अर्थ लावलाय. सक्ती म्हणजे पाठीवर काठीच पाहिजे असं नाही, पोटातली भूक माणसाला कामाला जुंपते तीसुद्धा सक्तीच. आता आपण एक पाऊल पुढं जायचं. आपण म्हणायचं, रिवाज हीसुद्धा सक्ती.

“हे अजून कुणी म्हटलेलं नाही,” बनसोडे म्हणाले. त्यांचे डोळे लकाकत होते.

मला त्यातलं निम्मं कळलं. मी एवढंच विचारलं, “मग कुसुमला जावं लागणार न्हाई?”

“कुसुमला नाही, तुम्हाला नाही, कुणालाच नाही.”

कुसुम चुलीपुढं बसून ऐकत होती. तिनं त्यांना चहा दिला. मीठ नव्हतं त्या घरात, पण तुळशीरामानं येताना साखर आणली होती.

वरच्या कोर्टानं अर्ज दाखल करून घेतला आणि खरं-खोटं बघायला हे जज्जसाहेब पाठवले. श्रावण होता. कुसुमला आठवा लागलेला. मी साक्षीदार नंबर तीन.

बनसोड्यांच्या प्रश्नांना मी चांगली उत्तरं दिली. मजुरी ठरलेली होती का? नाही. कधी नको म्हणता आलं का? नाही. सून नको म्हणाली तर काय झालं? गिरणी सांगितली, मीठ सांगितलं. साहेब ऐकत होते. मध्येच त्यांनी चष्मा काढून पुसला. तुळशीरामाच्या तोंडावर समाधान दिसत होतं.

आणि मग ती खुर्ची.

रत्नपारखी वकील आवाज चढवणारे नव्हते. माझ्या बाजूला उभे राहून, माहेरचं माणूस विचारपूस करतं तसे बोलत होते.

“किती बाळंतपणं केली असतील हो तुम्ही?”

“मोजली न्हाईत. त्या बाकावर बसलेत त्यातले दोघं माझ्याच हातचे हायत.”

वर्गात हशा पिकला. रावसाहेबांच्या धाकट्या भावानं खाली पाहिलं. मला बरं वाटलं.

“तुमच्यासारखा हात तालुक्यात नाही, असं मी ऐकलंय.”

“म्हणत्यात लोक.”

“म्हणतात ना. पण आता नर्सबाई आल्यावर तुम्हाला कोण विचारतं? उद्या ढोबळ्यांनी दुसऱ्या कुणा बाईला बोलावलं, तर तुमचं काय बिघडलं? तुम्ही सुटलात की.”

तुम्हाला कोण विचारतं, एवढंच मला ऐकू आलं. नर्सबाईची कात्री डोळ्यांपुढं आली. तीस वर्षांत एक बाळंतीण दगावली नाही, आणि हा माणूस सगळ्या गावासमोर विचारतोय, तुम्हाला कोण विचारतं.

“दुसरी कशी येईल?” मी म्हणाले. “ते घर आमच्या हक्काचं हाय.”

रत्नपारखी थांबले. टेबलावरचं पेन उचलून त्यांनी परत ठेवलं. “काय म्हणालात? साहेबांना नीट ऐकू आलं नसेल.”

मी आवाज मोठा केला. “हक्काचं घर हाय. अशी बारा घरं हायत आमच्या हक्काची. सासूपासनं.”

“आणि तिथं दुसरी कुणी गेलीच तर?”

“जाणार न्हाई. धोंडाबाई एकदा गेली होती, तिच्या झिंज्या धरल्या मी.”

पुन्हा हशा. साहेबसुद्धा हसले. मीही हसले.

“बरोबर आहे. हक्क म्हटल्यावर भांडायलाच पाहिजे,” रत्नपारखी म्हणाले आणि खिडकीला टेकून उभे राहिले, कारण त्यांच्या खुर्चीवर मी बसले होते.

साहेबांनी कारकुनाला इंग्रजीतून काही सांगितलं. मशीन खडखडलं. मग ते माझ्याकडं वळले. “हक्क, असंच म्हणालात ना, बाई?”

“व्हय साहेब.”

कागद फिरला, मी अंगठा दिला.

बाहेर कुसुम कडुनिंबाखाली बसली होती. तिनं विचारलं, कसं झालं. मी म्हणाले, लई चांगलं झालं, खुर्चीवर बसवलं मला. बनसोडे वकील जरा लांब जाऊन सिगारेट ओढत उभे होते. तुळशीराम त्यांच्याशी काहीतरी बोलत होता. मला वाटलं, पुढच्या तारखेचं चाललं असेल.

भाद्रपदात कुसुमला मुलगी झाली. नर्सबाईला बोलावलं नव्हतं, बोलावलं असतं तरी ती आमच्या वाड्यात आली असती की नाही देव जाणे. नाळ मी कापली. कुसुमनं लेकराला छातीशी घेतलं आणि म्हणाली, “हिला घरं वाटून द्यायची न्हाईत.” मी म्हणाले, बाई, आता कोर्टच सांगणार आहे तसं. मुलीचं नाव सुमित्रा ठेवलं.

निकालाला सव्वा वर्ष लागलं. तोवर दळण तीन कोस डोक्यावर वाहून आणत होतो.

तुळशीराम निकाल घेऊन आला तो दिवस मला चांगला आठवतो. त्याच्या हातात संघटनेनं मराठीत करून छापलेलं पुस्तक होतं, तीस-बत्तीस पानांचं. पण तो उंबऱ्याबाहेरच घुटमळत होता. निकाल मोठा आहे म्हणाला. बनसोडे वकिलांचं म्हणणं कोर्टानं मानलं. रिवाजाचा धाक हीसुद्धा सक्ती, असा अर्थ लावला. पेपरात आलंय, तालुक्याला वकिलांचा सत्कार आहे. आता कुठल्याही गावात असं काम करून घेतलं तर गुन्हा.

“म्हणजे जिंकलो ना?” मी विचारलं.

“जिंकलो, वहिनी. फक्त आपल्या गावात ते शाबीत झालं न्हाई.”

“म्हंजे?”

“म्हंजे कायदा बरोबर हाय, पण इथं तसं काही घडलं न्हाई, असं कोर्टाचं म्हणणं.”

“गिरणी? मीठ?”

“पुरावा कमी पडला,” तो म्हणाला. बोलताना त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही. पुस्तक कुसुमच्या हातात दिलं आणि एस.टी.ची वेळ झाली म्हणून निघाला. त्यानंतर तो दिवाळीलाही आमच्याकडं आला नाही.

कुसुमनं चुलीपुढं बसून ते पुस्तक वाचायला घेतलं. दिवस मावळेपर्यंत वाचत होती. मध्येच एका पानावर थांबली ती थांबलीच. भाकरी करपली तरी तिचं लक्ष नाही. मी दोनदा विचारलं, काय लिहिलंय. शेवटी तिनं पुस्तक मिटलं, पत्र्याच्या पेटीत तळाशी घातलं, वर लुगडी रचली.

“मोठमोठं लिव्हलंय, आत्या. तुम्हाला न्हाई कळायचं.”

मला ते लागलं. सातवी शिकलेली सून आहे, तिनं सासूला असं म्हणावं, हे मी पुढं कित्येक वर्षं मनात धरून ठेवलं.

आठ-दहा दिवस गेले असतील. ढोबळ्यांची लेक माहेरी बाळंतपणाला आलेली. तोच गडी पुन्हा दाराशी आला. या वेळी तो एकटा नव्हता, मागं चार-पाच पोरं उभी होती. त्यानं हात जोडले.

“ठकूबाई, रावसाहेबांनी निरोप दिलाय. तुमच्या हक्काचं घर हाय, हक्कानं या.”

मागचे हसले. मला वाटलं, मी शाळेत बोलले होते त्याची नक्कल करताहेत. गावात बोललेलं गावात फिरतंच. मी मनावर घेतलं नाही. पण घरात पीठ नव्हतं, सुमित्राच्या पायाच्या काड्या झाल्या होत्या, महादूचा वीटभट्टीवरून दोन महिने निरोप नव्हता. आता कुठलं कोर्ट राहिलं होतं? मी उठले. खुंटीवरची टोपली काढली.

कुसुम आली आणि तिनं माझ्या हातातून टोपली घेतली.

“तुम्ही बसा,” ती म्हणाली. “ते घर माझ्या वाटणीचं हाय.”

“मी जाते की गं. तू कशाला?”

“तुम्ही बसा म्हटलं ना.”

तिनं सुमित्राला माझ्या मांडीवर दिलं, पदर खोचला आणि गड्याच्या मागून निघाली. एकदाही वळून पाहिलं नाही. तिचा कोर्टावर राग असेल, नशिबावर असेल, असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी गिरणीचा पट्टा जोडला गेला. दुकानात मीठ आलं.

अकरा वर्षं तिनं ते काम केलं. माझे गुडघे गेल्यावर माझी सहा घरंही तिनंच ओढली. अकरा वर्षांनी ते सुटलं, पण कायद्यानं नाही. पक्की सडक झाली, जीपगाड्या आल्या, बाया बाळंतपणाला तालुक्याच्या दवाखान्यात जाऊ लागल्या आणि हाक यायची आपोआप थांबली.

मधल्या काळात एकदा कुसुमची आई आली होती. तिच्या गावातही हेच काम होतं. तिथल्या बायांनी तहसीलदाराला आमच्याच निकालाचं पुस्तक दाखवलं आणि एका महिन्यात सगळ्या सुटल्या. ती माझ्या पाया पडली. “विहीणबाई, तुमच्या केसमुळं सुटले बघा मी.” कुसुम तेव्हा ओढ्यावरून धडुती धुऊन आली होती. तिच्या हाताला सोड्याचा वास येत होता. आईला तिनं पाणी दिलं आणि भाकरी टाकायला बसली.

साक्षरतेचा वर्ग आमच्या समाजमंदिरात सुरू झाला, तेव्हा मी पन्नाशी ओलांडून बरीच वर्षं झाली होती. कुसुमचं ते काम अजून चालूच होतं. वर्ग घ्यायला बाजूच्या गावची वंदनाताई यायची. सगळ्यांत जास्त नाउमेद कुणी केलं असेल तर कुसुमनं. या वयात कशाला, डोळे जातील, कुठं पत्र लिहायचंय तुम्हाला. एकदा तर माझी पाटी तिनं चुलीमागं सरकवून ठेवली. मी म्हणाले, तू शिकलीस म्हणून दुसऱ्यानं शिकू नये होय? मला अक्षरं यायला दोन वर्षं लागली, ओळ वाचायला आणखी एक. जोडाक्षरं लई जड गेली. वंदनाताई पाठीवर हात ठेवायची, म्हणायची, आजी, दोन अक्षरं एकमेकांना धरून उभी आहेत असं समजा.

एस.टी.ची पाटी वाचता आली, रेशनकार्डावरचं नाव वाचता आलं. मग मला पेटीतलं पुस्तक आठवलं. आपली केस आपण वाचावी, असं मनात आलं. कुसुम सुमित्राला घेऊन बाजाराला गेली होती. मी लुगडी बाजूला करून ते काढलं. पानं पिवळी पडली होती. पहिल्या दिवशी एक पान झालं. त्यानंतर कुसुम घरात नसली की मी ते काढायची. काही शब्द मला अजूनही कळत नाहीत, तेव्हा तर बोट ठेवून पुढं सरकायची. वाचताना बरं वाटत होतं. माणसाच्या इज्जतीबद्दल कोर्टानं लई छान लिहिलं होतं. एका शब्दाचा अर्थ लावायला त्यांनी अकरा पानं घातली होती. सक्ती म्हणजे काय, कुठल्या देशात काय मानतात, कुठल्या साली कुणी काय म्हटलं.

मग एका दुपारी माझं नाव आलं. छापलेलं माझं नाव मी पहिल्यांदा पाहत होते. बोट ठेवून पुढं वाचत गेले.

“साक्षीदार क्रमांक तीन ठकूबाई हिने उलटतपासणीत स्पष्टपणे मान्य केले आहे की, सदर बारा घरांतील सेवा हा तिच्या कुटुंबाचा वंशपरंपरेने चालत आलेला हक्क असून, इतर कोणी ती सेवा केल्यास ती हरकत घेते व पूर्वी घेतली आहे. जी गोष्ट एखादी व्यक्ती स्वतःचा हक्क म्हणून सांगते, ती तिच्यावर लादलेली सक्ती आहे, असे म्हणता येणार नाही.”

त्या शब्दावर मी अडखळले. ह. मग क ला क. दोन अक्षरं एकमेकांना धरून उभी. तीनदा वाचला तेव्हा तो माझ्या तोंडून निघाला.

त्या पानाच्या कडेला एक वाटोळा डाग होता. करपलेल्या भाकरीच्या पिठाचा, वाळून पापुद्रा झालेला.

कुसुम आली तेव्हा पुस्तक माझ्या मांडीवर उघडंच होतं. तिनं हातातली पिशवी खाली ठेवली. सुमित्राला म्हणाली, जा, शेळीला पाणी दाव. मग माझ्यासमोर बसली.

“वाचलंत?”

“तुला पहिल्यापासनं ठाऊक होतं?”

“व्हय.”

“तुळशीरामाला?”

“मामांना त्याच दिशी कळलं होतं. शाळेतच.”

“मग सांगितलं का न्हाईस?”

ती पिशवीतली वांगी काढून सुपात ठेवत होती. एकेक वांगं उलटून बघत होती, किडकं आहे का.

“काय सांगायचं, आत्या? तुम्ही खुर्चीवर बसून आलात त्या दिशी किती खुशीत होता.” सूप बाजूला सारून म्हणाली, “तुम्ही पाटी घेतलीत तवाच मला भ्या वाटलं होतं.”

“ढोबळ्यांचा गडी आला तवा तू माझ्या हातातनं टोपली घेतलीस.”

“तो हसत होता. तुम्हाला कळलं असतं का हसतोय ते, तर तुम्ही वाटंतच पडला असता.”

ती उठली आणि चूल पेटवायला गेली. मी तिच्या हातांकडं पाहिलं. बोटांच्या पेरांना सोड्यानं चिरा पडल्या होत्या. त्या हातांनी तिनं अजून चार वर्षं ते काम केलं.

मी वर्गातलं पेन घेतलं. बनसोडे वकील नव्हते, साहेब नव्हते, कुणाला काही सांगायची सोय नव्हती, तरी घेतलं. त्या एका शब्दावर रेघ मारली. आम्ही हक्क म्हणायचो तेव्हा त्याचा अर्थ काय व्हायचा, हे त्या शाळेत मला कुणी विचारलं नव्हतं. सक्तीला अकरा पानं मिळाली, माझ्या शब्दाला एक ओळ. म्हणून वाटलं, खरा शब्द आपणच वर लिहावा.

पेन टेकवून बसून राहिले. बिगार लिहावं, तर तो शब्द मला याच पुस्तकात पहिल्यांदा दिसला होता. सक्ती लिहावं, तर ते त्यांचं. माझी सासू काय म्हणायची, तिची सासू काय म्हणायची, आठवून आठवून पाहिलं. हक्काची घरं. हक्काचं काम. हक्काचे जोंधळे. दुसरं काहीच कधी कुणाच्या तोंडी आलं नव्हतं.

कुसुमनं जेवायला हाक मारली तेव्हा पेनातली शाई तिथं एक ठिपका होऊन पसरली होती. ते पुस्तक अजून माझ्याजवळ आहे. शब्दावर रेघ आहे, वर ठिपका आहे. त्या कामाला आमच्याकडं दुसरा शब्दच नव्हता.